ऑटो डायलर घ्यावा का? सहा टेलीकॉलरचं ऑफिस आहे, अनुभवी लोकांनी बोला

बोरिवली_स्लो | सोमवार, दुपारी १:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःच्या पोटापाण्याचा विषय आलाय म्हणून धागा काढतोय. बोरिवली वेस्टला आमचं छोटं ऑफिस आहे, बिल्डरांचे फ्लॅट विकून देतो, म्हणजे चॅनल पार्टनर, महारेराचं एजंट रजिस्ट्रेशन वगैरे सगळं रीतसर आहे. दहिसर ते विरार हा आमचा पट्टा. सहा मुली टेलीकॉलिंगला आहेत.

आत्ता काम कसं चालतं तर एक्सेलची प्रिंट काढायची, हातात मोबाइल, नंबर दाबायचा, वाजू द्यायचा, नाही उचलला की पेनाने बाजूला आरएनआर (रिंग गेली, उचलला नाही) लिहायचं आणि पुढचा. एकीचे दिवसाला सव्वाशे-दीडशे नंबर होतात, त्यातले तीसेक जण उचलतात, त्यातले निम्मे "मीटिंगमे हूँ" म्हणून ठेवतात, आणि महिन्याच्या शेवटी साइट व्हिजिट किती तर बोटावर मोजण्याइतक्या. बिल्डरचा सेल्स हेड विचारतो तुमच्याकडून फुटफॉल का नाही, मी काय सांगणार.

तर गेल्या आठवड्यात एक डायलरवाला डेमो देऊन गेला. म्हणे एका मुलीमागे दिवसाला चारशे कॉल. प्रेडिक्टिव का काहीतरी. शुक्रवारी ट्रायल लावला आणि दुपारपर्यंत आमच्याच सोसायटीच्या चेअरमनना चार वेळा फोन गेला. लिस्टमध्ये त्यांचा नंबर एकदा नुसता, एकदा शून्य लावून, एकदा प्लस एक्क्याण्णव लावून आणि एकदा मधे स्पेस देऊन असा होता, मशीनला ती चार वेगळी माणसं वाटली. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला तर पलीकडे कोणीच बोलेना, हॅलो हॅलो करत बसले. चौथ्यांदा आमची पोरगी लाइनवर आली तर शांतपणे म्हणाले, "बाळ, तुझ्या शेठला सांग, रविवारी मीटिंग आहे."

रविवारी काय झालं ते विचारू नका. पार्किंगचा विषय राहिला बाजूला.

आता डायलरवाला म्हणतोय वर्षाचे पैसे आधी भरले तर डिस्काउंट. घ्यावा का? चारशे कॉल खरंच होतात का? आणि ते हॅलो हॅलो वालं प्रकरण काय आहे?

चारकोपकर | सोमवार, दुपारी १:४०

वाचतोय. चेअरमन थोर आहेत.

पीआरआय_काका | सोमवार, दुपारी ३:०५

आधीच सांगतो, वर्षाचे पैसे भरू नका. आता का ते ऐका, लांबण लागेल.

मी एकवीस वर्षं टेलिफोनीत काढली, त्यातली बरीचशी मालाडला नाइट शिफ्टमध्ये अमेरिकेला फोन लावणारे डायलर सांभाळण्यात. डायलर म्हणजे एकच वस्तू नाही. प्रिव्ह्यू म्हणजे आधी स्क्रीनवर माणसाची माहिती येते, मुलगी वाचते, मग बटण दाबते. प्रोग्रेसिव म्हणजे एक मुलगी मोकळी झाली की मशीन आपोआप एक नंबर लावतं, एकास एक. पॉवर म्हणजे एका मोकळ्या मुलीमागे दोन-तीन नंबर एकदम. आणि प्रेडिक्टिव म्हणजे मशीन अंदाज बांधतं की एवढ्या सेकंदांनी कोणीतरी मोकळी होईल, किती टक्के लोक उचलतात, सरासरी बोलणं किती चालतं, आणि मुलगी मोकळी व्हायच्या आधीच फोन लावायला घेतं.

अंदाज चुकला की काय होतं? माणूस उचलतो आणि इकडे बोलायला कोणी नसतं. तुमच्या चेअरमनचं तिसऱ्या वेळी तेच झालं.

गणित करून दाखवतो. समजा शंभरातले पंचवीस जण उचलतात. एका मोकळ्या मुलीसाठी मशीनने चार नंबर एकदम लावले, का तर सरासरीने एक उचलेल. पण सरासरी वेगळी आणि प्रत्यक्ष वेगळं. चारही जण न उचलण्याची शक्यता ३२ टक्के, बरोब्बर एकाने उचलण्याची ४२ टक्के, आणि दोन किंवा जास्त जणांनी उचलण्याची २६ टक्के. म्हणजे दर चार फेऱ्यांत एकदा कोणीतरी तोंडघशी पडणार. वही-पेन घेऊन स्वतः करून बघा, कॉलेजातली प्रॉबेबिलिटी आहे.

मग मोठ्या कॉल सेंटरला हे कसं परवडतं? तिथे चाळीस जण बसलेले असतात. प्रत्येक कॉल सरासरी दीड मिनिटाचा धरला तर चाळीस जणांत दर सव्वादोन सेकंदाला कोणीतरी मोकळं होतं, उचललेला माणूस फार ताटकळत नाही. तुमच्याकडे सहा जणी. दर पंधरा सेकंदाला एक मोकळी होणार. पंधरा सेकंद मुंबईतला माणूस रिकाम्या फोनवर थांबतो का हो? विरार फास्टमध्ये लटकलेला असतो तो.

थोडक्यात सहा सीटला प्रेडिक्टिव म्हणजे वन बीएचकेत झुंबर. प्रोग्रेसिव घ्या, नाहीतर प्रिव्ह्यू. चारशे होणार नाहीत, दोनशेच्या आसपास होतील, ते पुष्कळ आहेत.

चारकोपकर | सोमवार, दुपारी ३:२२

काका __/\__

वन बीएचकेत झुंबर हे जपून ठेवतोय.

आरएनआर_ताई | सोमवार, संध्याकाळी ७:४८

काकांनी मशीनच्या बाजूने सांगितलं, मी हेडसेटच्या बाजूने सांगते. सात वर्षं टेलीकॉलिंग केलंय, आधी लोनचं कांजूरमार्गला, मग फ्लॅटचं वाशीला. हाताने पण केलंय आणि डायलरवर पण.

डायलरवर कानात एक बीप येतो. बीप आला की समोर माणूस आहे. कोण आहे, काय नाव, कुठला, हे स्क्रीनवर यायला आमच्याकडे नेट स्लो असलं की दोन सेकंद लागायचे, तोवर तो हॅलो म्हणालेला असतो. मग काय करायचं, "नमस्कार सर" म्हणून वेळ काढायचा. एकदा स्क्रीन बदललीच नाही नि मी आधीच्याच माणसाच्या नावाने सुरुवात केली, पलीकडून बाई बोलत होत्या. मला म्हणाल्या, "तुला साहेब हवेत ना, मग त्यांनाच लाव, आणि माझ्या वतीने पण विचार ते कुठे आहेत." हसू आवरेना पण कॉल रेकॉर्ड होत असतो ना.

कॉल संपला की डिस्पोज करायला दहा सेकंद. दहा सेकंदांत ड्रॉपडाउनमधून निवडायचं, आरएनआर, एनआय म्हणजे नॉट इंटरेस्टेड, कॉलबॅक, राँग नंबर, साइट व्हिजिट. दहा संपले की परत बीप. पाणी प्यायचं तर ब्रेक टाकायचा, ब्रेक टाकला की टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, स्क्रीनवर लाल दिसतं.

आता मुख्य. हाताने काम करायचे तेव्हा माझ्याकडे एक लांब वही होती. नंबरासमोर मी लिहायचे, "मुलीचं लग्न डिसेंबरात, मग बघू म्हणाले". "सध्या नालासोपारा, भाड्याचं ॲग्रीमेंट मार्चला संपतंय". "बायकोला स्टेशनजवळ हवं, यांना नको". असले शेरे. त्या वहीतून मी जेवढी बुकिंगं काढली तेवढी नव्या डेटातून कधी निघाली नाहीत. डायलर आल्यावर हे सगळे लोक 'कॉलबॅक' नावाच्या एका डब्यात गेले. भाड्याचं ॲग्रीमेंट संपणारा पण कॉलबॅक, आणि "जेवतोय" म्हणणारा पण कॉलबॅक. मशीनने दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन लावला, तोही माझ्याकडे नाही, जी मोकळी असेल तिच्याकडे. त्या माणसाला परत पहिल्यापासून सगळं सांगायला लागलं तर तो वैतागणारच.

म्हणून दादा, घ्यायचाच तर आधी बघा त्यात शेरा लिहायला जागा आहे का, मराठीत टाइप होतं का, आणि माझा गिऱ्हाईक परत माझ्याकडेच येतो का. बाकी डेमोत जे रंगीत डॅशबोर्ड दाखवतात ते तुमच्यासाठी असतं, आमच्यासाठी नाही.

आणि सहा "मुली" लिहिलंत, त्यातली एक तरी माझ्या वयाची असेल बघा.

बोरिवली_स्लो | सोमवार, रात्री ९:१५

ताई, चुकलो. दोघी चाळिशीच्या पुढच्या आहेत आणि खरं सांगायचं तर व्हिजिट त्यांच्याच जास्त येतात. त्यांच्याकडे पण वह्या आहेत, मी आजवर उघडून पण बघितल्या नव्हत्या, उद्या बघतो.

काका, ट्रायलमध्ये आणखी एक व्हायचं. ड्रॉप झालेला, म्हणजे इकडे बोलायला कोणी नाही असा, कॉल नसेल, मुलगी मोकळी असेल, तरी पण समोरचा उचलल्यावर तीन-चार सेकंद शांतता. तोवर अर्धे लोक ठेवून देतात. ते कशाने?

पीआरआय_काका | सोमवार, रात्री १०:३०

एएमडी चालू असणार. आन्सरिंग मशीन डिटेक्शन. अमेरिकेत फोन उचलायला निम्म्या वेळा व्हॉइसमेल असतो, त्यामुळे तिकडचं सॉफ्टवेअर उचलल्यावर आधी ऐकत बसतं की हे माणसाचं हॅलो आहे का रेकॉर्डिंग. छोटं हॅलो आणि मग शांतता म्हणजे माणूस, लांबलचक वाक्य म्हणजे मशीन. ह्या ऐकण्यात सेकंद जातात. ॲस्टेरिस्क नावाच्या फुकटच्या टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये ह्याची कमाल मर्यादा मुळातच पाच सेकंद ठेवलेली असते, आणि स्वस्तातले निम्मे डायलर आतून ॲस्टेरिस्क नाहीतर त्यावरच उभं असलेलं विसीडायल असतात, वर फक्त लोगो बदललेला.

आपल्याकडे व्हॉइसमेल वापरतो कोण? बंद करून टाका. एक टिक काढायची असते सेटिंगमधली. डायलरवाल्याला हे माहीत नसेल तर समजा तो सेल्सवाला आहे, टेक्निकल माणूस पाठवायला सांगा. आणि आपल्याकडचा माणूस "हां बोला, कोण बोलतंय, आवाज येत नाही जरा थांबा बाहेर येतो" असं उचलतो, त्याला मशीन रेकॉर्डिंग समजून फोन कापून टाकतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मुलुंडचे_आजोबा | मंगळवार, सकाळी ६:२०

तुम्हा सर्वांचे गणित वाचले. आता ज्याच्या घरी फोन वाजतो त्याचेही ऐका. मला दिवसाला आठ-दहा फोन येतात. मी पनवेलला प्लॉट का घ्यावा ह्याची चिंता मुंबईतल्या निम्म्या तरुणांना लागून राहिली आहे. दुपारी डोळा लागला की हमखास. उचलावे तर कोणी बोलत नाही. आमची ही म्हणते चोर घरात कोणी आहे का बघत असतील.

मी डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी, केली आहे. १९०९ ला फोन करून होते, किंवा त्याच नंबरला इंग्रजीत स्टार्ट, मग जागा सोडून शून्य असा मेसेज केला की सगळ्या जाहिराती बंद. ट्राय, म्हणजे टेलिकॉमवर लक्ष ठेवणारे सरकारी प्राधिकरण, त्यांचे ॲपही आहे. तरी फोन येतातच आणि ते येतात साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून, तुमच्यासारखेच. मी आता प्रत्येकाची तक्रार करतो. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, आता सात दिवस मिळतात. रिटायर माणसाला वेळ भरपूर आहे, लक्षात ठेवा.

गिरगाव_ते_गोरेगाव | मंगळवार, सकाळी ९:५५

आजोबांनी नस पकडली. धागाकर्ते, तुम्ही लिहिलंय "हातात मोबाइल". म्हणजे साध्या सिमवरून प्रमोशनल कॉल करताय. हे आत्ताच चुकतंय, डायलर नंतरची गोष्ट. मी एका लायसन्सवाल्या टेलीमार्केटरकडे कंप्लायन्स बघते म्हणून हे पाठ आहे.

ट्रायचं रेग्युलेशन २०१८ चं आहे. प्रमोशनचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच गेला पाहिजे. त्यासाठी ऑपरेटरच्या डीएलटी प्लॅटफॉर्मवर, म्हणजे जाहिरातीचे कॉल-मेसेज करणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेवर, कंपनीची नोंदणी करायची, आणि यादी स्क्रब करायची, म्हणजे ज्यांनी रिअल इस्टेट ब्लॉक केलंय ते नंबर त्यातून गळून जातात. ऑटो डायलर लावणार असाल तर ऑपरेटरला आधी कळवायचं हे पण त्याच रेग्युलेशनमध्ये आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने ऑपरेटरांना सांगितलं की नोंदणी नसलेल्यांच्या प्रमोशनल कॉलसाठी वापरलेल्या लाइनी तोडा आणि दोन वर्षं काळ्या यादीत टाका, त्यात एसआयपी आणि पीआरआय, म्हणजे ऑफिसातल्या एकदम अनेक कॉल नेणाऱ्या लाइनी, पण आल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पावणेतीन लाखांवर कनेक्शनं तुटली होती. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी कडक केलं. आधी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई व्हायची, आता दहा दिवसांत पाच. पाच! आजोबा आणि त्यांच्या जॉगिंग ग्रुपने मनावर घेतलं की झालं. पहिल्यांदा सापडलात तर तुमच्या नावावरच्या सगळ्या लाइनचं आउटगोइंग पंधरा दिवस बंद, परत सापडलात तर वर्षभर सगळ्याच ऑपरेटरकडे बंद. दसऱ्याच्या तोंडावर ऑफिसचे फोन पंधरा दिवस बंद पडले तर काय कराल?

नालासोपारा_ईस्ट | मंगळवार, सकाळी १०:२०

अहो पण १४० दिसला की कोणी उचलत नाही हे पण लिहा की. मी स्वतः उचलत नाही. नियम पाळणाऱ्याचा फोन वाजत राहतो आणि साध्या सिमवाल्याचा उचलला जातो, हा कुठला न्याय. आमच्याकडे एक जण तर गेटवे विकत होता, एका डब्यात बत्तीस सिम, एक नंबर स्पॅम दिसायला लागला की दुसरा फिरवायचा.

गिरगाव_ते_गोरेगाव | मंगळवार, सकाळी १०:४१

तो डबा घेऊ नका, कोणीच घेऊ नका. २०२३ च्या टेलिकॉम कायद्याप्रमाणे एका माणसाच्या नावावर नऊच सिम चालतात, पुढे पहिल्यांदा पन्नास हजारांपर्यंत दंड आणि परत केलं तर दोन लाखांपर्यंत. बत्तीस सिम कोणाच्या नावावर घेणार, ऑफिसबॉयच्या? आणि बाकीच्या गोष्टी तर लांबच, पण उद्या त्यातलंच एखादं सिम फ्रॉडमध्ये वापरलं गेलं की पोलीस ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी जातात.

१४० कमी उचलला जातो हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. त्यावर उपाय एकच, कमी लोकांना पण बरोबर लोकांना फोन करा. ज्यांनी स्वतःहून चौकशी केलीय, फॉर्म भरलाय, साइटवर येऊन गेलेत. कधी केली, कुठून केली, ह्याची तारखेसकट नोंद ठेवा. आणि १४० लावायच्या आधी एक मेसेज जाऊ दे की अमुक प्रोजेक्टची तुम्ही चौकशी केली होती, चारच्या सुमारास फोन येईल. रजिस्टर्ड हेडरवरून, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याचं नोंदवलेलं नाव असतं त्यावरून हं, व्हॉट्सॲपवर "गुड मॉर्निंग सर" करून नाही.

न्यूजर्सीकर | मंगळवार, रात्री ८:३३

इकडे पहाट नाहीये, ऑफिसातनं लपून लिहितोय. काकांनी ड्रॉप कॉलचं लिहिलं त्यावर इकडचा नियम सांगतो. अमेरिकेत एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, टेलीमार्केटिंग रूल आहे, माणसाने हॅलो म्हणून संपवलं की दोन सेकंदांत जिवंत माणूस लाइनवर पाहिजे, आणि उचललेल्या कॉलपैकी ड्रॉप झालेले तीन टक्क्यांच्या वर नकोत. २६ टक्के ऐकून इकडचा वकील आनंदाने नाचेल. कारण दुसरा एक कायदा आहे, टीसीपीए, १९९१ चा, त्यात फोन येणारा माणूस स्वतः कोर्टात जाऊ शकतो, एका कॉलमागे ५०० डॉलर, मुद्दाम केलं असेल तर १५०० पर्यंत. इकडे काही लोक ह्याच्यावर घर चालवतात म्हणे.

अर्थात हे इकडचं. तिकडे तसं कोर्टात जाऊन पैसे मागायची सोय लावली तर मुलुंडचे आजोबा पनवेलला प्लॉट घेतील.

मुलुंडचे_आजोबा | बुधवार, सकाळी ६:०५

दोन घेईन.

कोड_आणि_कांदाभजी | बुधवार, दुपारी १२:१५

सगळे डायलर डायलर काय करताय, आता एआय व्हॉइस एजंट आलेत. मराठीत पण बोलतात. टेलीकॉलर लागतच नाहीत, बॉट फोन करतो, इंटरेस्टेड असेल तरच माणसाला ट्रान्सफर. मी एक बनवलाय, हवा तर डेमो देतो.

आरएनआर_ताई | बुधवार, दुपारी १:५०

मला आला होता असा एक फोन गेल्या महिन्यात. "नमस्कार, आपण घर खरेदी करण्यास इच्छुक आहात का?" म्हणाली. इच्छुक! मुंबईत कोण बोलतं असं, निवडणुकीला उभी राहणार आहे का मी. मी म्हटलं, "अगं थांब, दूध उतू जातंय." तर म्हणाली, "उत्तम! आपले बजेट किती आहे?"

दूध गेलंच उतू.

पीआरआय_काका | बुधवार, दुपारी २:१०

बॉट सुधारतील, वाद नाही. पण न्यूजर्सीकरांच्याच देशात एफसीसीने, म्हणजे तिकडच्या ट्रायने, फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगून टाकलंय की एआयचा आवाज म्हणजे कृत्रिम आवाजच, आधी परवानगी घेतल्याशिवाय असा कॉल करायचा नाही. आपल्याकडे पण रेकॉर्डेड आवाजाचे कॉल आणि रोबोकॉल ट्रायच्या कक्षेत आहेतच. भजीसाहेब, तुमचा बॉट उलट्या कामाला लावा. गिऱ्हाईकाने रात्री दहाला फोन केला तर उचलायला. तिथे कोणी शिव्या घालणार नाही.

कोड_आणि_कांदाभजी | बुधवार, दुपारी २:३२

हे डोक्यात नव्हतं आलं. करून बघतो.

डेटावाला_नाही | बुधवार, संध्याकाळी ६:४०

मूळ रोग कोणी बोललंच नाही. डेटा. अंधेरीत टपरीवर चहा पिता पिता पेनड्राइव्ह मिळतो, "लोखंडवाला एचएनआय, एक लाख नंबर, एकदम फ्रेश". एचएनआय म्हणजे पैसेवाले. तोच पेनड्राइव्ह तुम्हाला, तोच शेजारच्याला, तोच लोनवाल्याला. मी विकत घेतला होता एकदा, म्हणून नाव हे घेतलंय. फ्रेश म्हणून दिलेल्या यादीत माझ्या सासऱ्यांचा नंबर होता, ते जाऊन चार वर्षं झाली होती, नंबर आता कुठल्या तरी रिक्षावाल्याकडे आहे. त्याने मला सांगितलं, साहेब मला रोज तीन बँका क्रेडिट कार्ड देतात, एक पण खरं देत नाही.

असल्या यादीवर डायलर लावणं म्हणजे गळक्या पिंपाला मोठी मोटर. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा पण आहे आता, परवानगीशिवाय कोणाचा नंबर असा फिरवायचा नाही. आणि धागाकर्त्यांनी आधी नंबर साफ करा, शेवटचे दहा आकडे वेगळ्या कॉलममध्ये काढायचे, त्यावर डुप्लिकेट उडवायचे, पाच मिनिटांचं काम आहे, चेअरमन वाचले असते.

बोरिवली_स्लो | चार आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:१०

मंडळी, उशीर झाला, पण धागा अर्धवट सोडणार नाही म्हटलं होतं मनात.

प्रेडिक्टिव नाही घेतला. दुसऱ्या एकाकडून महिन्याच्या भाड्याने सहा सीटचा घेतला, प्रिव्ह्यू आणि प्रोग्रेसिव दोन्ही होतं त्यात, एएमडीची टिक समोर बसून काढायला लावली. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला सर तुम्ही टेलिकॉममध्ये होतात का. मी म्हटलं हो, काकांच्या ओळखीने.

डीएलटीची नोंदणी आणि १४० मिळायला अडीच आठवडे गेले, कागदपत्रांत कंपनीच्या नावात एक ठिकाणी 'अँड' आणि एक ठिकाणी त्याची ती वेटोळ्याची खूण होती म्हणून परत आलं. ते होईपर्यंत बाहेर जाणारे प्रमोशनल कॉल बंद. पोटात गोळा आला होता, पण त्या काळात आम्ही एकच काम केलं, सगळ्या वह्या एकत्र केल्या.

ताई, तुम्हाला सांगायचं होतं. ज्या दोघी म्हणालो ना, त्यातल्या एकींची वही २०१९ पासूनची आहे. एका पानावर लिहिलंय, "मीरा रोड, दोघं नोकरीला, सासूबाई आल्या की मोठं लागेल." नाव, नंबर, तारीख. ही माणसं स्वतः साइटवर येऊन गेलेली आहेत. सगळं टाइप केलं, शेऱ्याचा कॉलम मराठीत, दहा आकड्यांवर डुप्लिकेट उडवले. बत्तीस हजारांची यादी होती आमची, स्वतः चौकशी केलेले आणि स्क्रबमधून उरलेले असे पकडून साडेचार हजार राहिले. पेनड्राइव्हवाला भाग (हो, होता, कबूल) उडवून टाकला.

आता दहा दिवस झाले १४० वरून चालू आहे. एकीचे दिवसाला नव्वद-शंभरच कॉल होतात, म्हणजे आधीपेक्षा कमी, कारण प्रिव्ह्यूवर त्या आधी शेरा वाचतात. उचलण्याचं प्रमाण पडलंय, तिथे नालासोपारावाले बरोबर होते. पण जो उचलतो तो बोलतो. दहा दिवसांत अकरा साइट व्हिजिट ठरल्या, त्यातल्या सात जण खरंच आले, आमच्यासाठी हे खूप आहे. बुकिंग अजून एक पण नाही, ते खोटं सांगणार नाही, टोकनचं बोलणं एका ठिकाणी चालू आहे. भाडं आणि लाइनचा खर्च धरला तर अजून खिशातूनच चाललंय.

वेळेचं एक कळलं. साडेअकरा ते एक आणि चार ते साडेसहा, बस. सकाळी दहाला लोक ट्रेनमध्ये असतात, साडेसहानंतर परत ट्रेनमध्ये. शनिवारी दुपारी अजिबात नाही, रविवारी सकाळी मात्र नवरा-बायको दोघं एकत्र घरी असतात आणि स्पीकरवर टाकून बोलतात, तेव्हा फक्त ज्यांनी रविवारचं सांगितलंय त्यांनाच लावतो.

आरएनआर_ताई | रविवार, दुपारी १२:०२

२०१९ च्या वहीवाल्या ताईंना पगारवाढ दिलीत का?

बोरिवली_स्लो | रविवार, दुपारी १२:२०

व्हिजिटमागे इन्सेंटिव सुरू केलाय सगळ्यांना. पगाराचं पुढच्या महिन्यात बघतो.

आरएनआर_ताई | रविवार, दुपारी १२:२४

"कॉलबॅक" मध्ये टाकलंत त्यांना.

चारकोपकर | रविवार, दुपारी १२:३१

ताई पेटल्यात. बरं चेअरमनचं काय झालं शेवटी?

बोरिवली_स्लो | रविवार, दुपारी १:१५

काल लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले परत फोन आला होता फ्लॅटसाठी. मी शपथेवर सांगितलं आमचा नाही, आमचा १४० ने सुरू होतो. त्यांनी मोबाइल काढून दाखवला, साधा नंबर, वसईचा कोणीतरी. तरी म्हणाले, "तुमच्या लाइनचेच सगळे." पुढच्या मीटिंगला माझं ऑफिस आणि सोसायटीचा व्हिजिटर पार्किंग हा विषय अजेंड्यावर आहे, क्रमांक तीन.